राउटर आपोआप बंद-चालू होतो तेव्हा : तपासणी कोठून सुरू करावी

घरातील वाय-फाय दिवसातून अनेकदा मध्येच जाते, दोन-तीन मिनिटांनी आपसूक परत येते, आणि केबलवाल्याला फोन लावला की ‘आमची लाइन ओके आहे, राउटर बदलून बघा’ असे उत्तर मिळते. सातारा शहरातील पेठांपासून कोरेगाव, कराड, पाटण, दहिवडीपर्यंत ही तक्रार थोड्याफार फरकाने सारखीच ऐकू येते. त्या सल्ल्यानुसार राउटर बदलल्यावर काही घरांतला त्रास थांबतो. काही घरांत मात्र नवा राउटरही थोड्याच दिवसांत जुन्यासारखा वागू लागतो आणि खर्च वाया गेल्याची हळहळ तेवढी उरते. आपोआप रीस्टार्ट होणाऱ्या राउटरच्या बाबतीत दोष पुष्कळदा त्याला मिळणाऱ्या विजेत असतो : सैल सॉकेट, थकलेला अडॅप्टर, क्षणभर कोसळणारे व्होल्टेज, किंवा लाइट गेल्यावर इन्व्हर्टरने घेतलेला वेळ. म्हणून येथे सांगितलेली तपासणी भिंतीतील सॉकेटपासून सुरू होते आणि राउटरच्या आतील सेटिंगपर्यंत शेवटी पोहोचते. हा क्रम उलटा केल्यास, म्हणजे सुरुवातीलाच राउटर रीसेट करून बसल्यास, मूळ दोष जागेवर राहतो आणि वर नव्या अडचणी उभ्या राहतात.

एक नियम सर्व पायऱ्यांना लागू आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि पुढची पायरी घेण्यापूर्वी निदान एक पूर्ण दिवस जाऊ द्यावा. सॉकेट, अडॅप्टर आणि राउटरची जागा ही तिन्ही एकाच संध्याकाळी बदलली आणि त्रास थांबला, तर दोष कशात होता हे कळत नाही. महिन्याभराने तो परतला की पुन्हा श्रीगणेशा करावा लागतो.

पहिली पायरी : राउटर रीस्टार्ट झाला की नुसते इंटरनेट गेले?

‘वाय-फाय गेले’ या एका वाक्यात तीन वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात, आणि त्यांतील एकच या लेखाचा विषय आहे. ती ओळखण्यासाठी फोनकडे न पाहता राउटरच्या दिव्यांकडे पाहावे. सगळे दिवे एकदम विझले, मग आधी फक्त पॉवरचा दिवा लागला आणि नंतर एकेक करून बाकीचे दिवे आले, तर राउटर खरोखर रीस्टार्ट झाला आहे. पॉवरचा आणि वाय-फायचा दिवा स्थिर आहे, पण ‘एलओएस’ असे लिहिलेला दिवा लाल झाला आहे किंवा ‘पॉन’चा दिवा लुकलुकतो आहे, तर राउटर ठीक असून फायबरमधून येणारा प्रकाश त्याच्यापर्यंत पोहोचत नाही; अशा वेळी खालील कोणताही उपाय लागू पडत नाही, केबलवाल्यालाच बोलवावे लागते. सर्व दिवे जागच्या जागी असूनही एकाच फोनचे वाय-फाय तुटत असेल, तर प्रश्न त्या फोनचा किंवा भिंतींमुळे कमी पडणाऱ्या सिग्नलचा आहे.

दिव्यांजवळ बसून राहणे शक्य नसेल, तर राउटरच्या पानावर नोंद मिळते. राउटरच्या खालच्या बाजूच्या स्टिकरवर त्याचा पत्ता असतो. बहुतेक ठिकाणी तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. वाय-फायला जोडलेल्या फोनवर किंवा लॅपटॉपवर ब्राउझर उघडून हा पत्ता इंग्रजी आकड्यांत टाकावा, आणि स्टिकरवरचेच युजरनेम व पासवर्ड वापरून आत जावे. ‘स्टेटस’ किंवा ‘डिव्हाइस इन्फो’ या पानावर ‘अपटाइम’ नावाची ओळ असते. राउटर किती वेळापासून अखंड चालू आहे, हे तिच्यावरून कळते. सकाळी लाइट गेलेली नसताना, कोणी बटण बंद केलेले नसताना संध्याकाळी अपटाइम अवघा चाळीस मिनिटे दिसत असेल, तर मधल्या काळात राउटर नक्कीच रीस्टार्ट झाला आहे. ‘सिस्टिम लॉग’ हे पानही पाहावे. बहुतेक घरगुती राउटरमध्ये स्वतंत्र बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. सुरू झाल्यानंतर इंटरनेटवरून खरी वेळ मिळेपर्यंत बरेच राउटर १ जानेवारी १९७० हीच तारीख धरून चालतात. त्यामुळे लॉगमध्ये १९७० सालच्या नोंदी दिसल्यास घाबरू नये. त्या नुकत्याच झालेल्या रीस्टार्टची खूण आहेत.

काही घरांत फायबरचा डबा वेगळा आणि वाय-फायचा राउटर वेगळा असतो, आणि दोघांना दोन अडॅप्टर असतात. तेथे नक्की कोणता डबा बंद-चालू होतो हे पाहून ठेवावे. फायबरचा डबा रीस्टार्ट झाला तर वाय-फायचे नाव फोनवर दिसत राहते, फक्त इंटरनेट चालत नाही. राउटर रीस्टार्ट झाला तर नावच यादीतून गायब होते.

दुसरी पायरी : वेळेची नोंद

तीन-चार दिवस एका कागदावर रीस्टार्टची वेळ आणि त्या क्षणी घरात काय चालू झाले ते लिहून राउटरजवळ चिकटवून ठेवावे. हे काम कंटाळवाणे वाटते, पण निम्मे निदान येथेच होते. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना, बोअरची मोटर लावताना किंवा मिक्सर फिरवताना राउटर जात असेल, तर संशय व्होल्टेजवर आणि अडॅप्टरवर घ्यावा. दुपारी बारा ते चार याच वेळेत जात असेल, तर उष्णता पाहावी. पाऊस किंवा वारा आला की जात असेल, तर खांबावरून घरात येणाऱ्या सर्व्हिस वायरचा किंवा मीटरजवळचा जोड सैल असण्याची शक्यता आहे. रोज पहाटे ठरावीक मिनिटालाच जात असेल, तर ते बहुधा सेटिंग आहे. दर पाच-दहा मिनिटांनी, दिवस-रात्र न पाहता जात असेल, तर अडॅप्टर किंवा राउटर यांपैकी एक शेवटच्या घटका मोजत आहे.

या नोंदीतून कधीकधी अगदीच साधे कारण बाहेर येते. राउटर ज्या बोर्डावर आहे त्याचे बटण घरातील ज्येष्ठ मंडळी रात्री ‘उगाच लाइट जळते’ म्हणून बंद करतात आणि सकाळी पुन्हा लावतात, असे पुष्कळ घरांत चालते. त्यावर बटणाच्या वर चिठ्ठी लावणे एवढाच उपाय आहे.

तिसरी पायरी : सॉकेट, एक्स्टेन्शन बोर्ड आणि पिन

जुन्या वाड्यांमध्ये आणि पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या बंगल्यांमध्ये सॉकेटच्या आतील पितळी पट्ट्या वर्षानुवर्षांच्या वापराने पसरलेल्या असतात. त्यात राउटरचा अडॅप्टर वजनाने खाली झुकतो, संपर्क अर्धवट राहतो, आणि शेजारून कोणी चालत गेले किंवा दार जोरात लागले तरी वीज क्षणभर तुटते. फोनच्या चार्जरला अशी तूट जाणवत नाही, कारण फोनमध्ये बॅटरी असते. राउटर मात्र विझतो.

तपासणी सोपी आहे. राउटर चालू असताना अडॅप्टरचा प्लास्टिकचा भाग धरून बोटाने हलकेच डावीकडे-उजवीकडे दाबावा. दिवे लुकलुकले, किंवा सॉकेटमधून चर्र असा आवाज आला, तर तो सॉकेट वापरणे तत्काळ थांबवावे आणि वायरमनकडून बदलून घ्यावा. सॉकेटभोवती प्लास्टिक पिवळे-तपकिरी झालेले असेल किंवा जळकट वास येत असेल, तर राउटरचा प्रश्न बाजूला ठेवून आधी तेच काम करावे. काडी किंवा कागदाची घडी खोचून पिन घट्ट बसवण्याचा प्रकार करू नये.

एक्स्टेन्शन बोर्ड वापरात असेल तर राउटर एक दिवस थेट भिंतीतल्या सॉकेटवर लावून पाहावा. त्याच बोर्डावर इस्त्री, हीटर किंवा मिक्सर लावण्याची सवय असेल, तर राउटरसाठी स्वतंत्र जागा करणेच योग्य. यानंतर अडॅप्टरची दुसऱ्या टोकाची गोल पिन राउटरमध्ये कशी बसते ते पाहावे. ती सैल असेल, गोल फिरवताना दिवे जात असतील, तर एकतर पिनचा व्यास वेगळा आहे किंवा राउटरच्या आतील जॅकचा टाका सुटला आहे. सुटलेला टाका इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करणारा कारागीर थोडक्या वेळात लावून देतो. राउटर कंपनीच्या मालकीचा असेल तर मात्र तो स्वतः उघडू नये.

चौथी पायरी : अडॅप्टर

माझ्या मते सर्वाधिक वेळ याच पायरीला द्यावा. राउटर रीस्टार्ट होण्याचे सर्वांत नेहमीचे कारण अडॅप्टर हेच आहे, आणि त्याच्यावर संशय सर्वांत उशिरा घेतला जातो, कारण त्याचा दिवा लागलेला असतो आणि राउटरही चालू झालेला दिसतो.

अडॅप्टरचे काम भिंतीतल्या २३० व्होल्टच्या एसी विजेतून राउटरला लागणारी कमी दाबाची डीसी वीज तयार करणे हे आहे. बहुतेक घरगुती राउटर १२ व्होल्टवर चालतात, काही ९ किंवा ५ व्होल्टवर. अडॅप्टरच्या आत इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर नावाचे दंडगोलाकार भाग असतात. त्यांतील द्रव उष्णतेने वर्षानुवर्षे हळूहळू आटत जातो आणि वीज साठवण्याची त्यांची क्षमता घटते. राउटर दिवसाचे चोवीस तास चालू असल्याने त्याच्या अडॅप्टरला कधी विश्रांतीच नसते. अशा थकलेल्या अडॅप्टरचे वागणे जुन्या मोटारसायकलसारखे असते : पोवई नाक्यापर्यंत ती बिनतक्रार जाते, यवतेश्वरच्या घाटात मात्र बंद पडते. रात्री दोन वाजता घरात एकच फोन जोडलेला असताना राउटर थोडाच विद्युतप्रवाह ओढतो आणि अडॅप्टर तग धरतो. संध्याकाळी चार फोन, टीव्ही आणि लॅपटॉप एकदम चालू झाले, की राउटरची मागणी वाढते, अडॅप्टरचे व्होल्टेज खाली बसते आणि राउटरमधील चिप बंद पडून नव्याने सुरू होते. घरच्यांना वाटते, की संध्याकाळी इंटरनेटवर ताण येतो. ताण प्रत्यक्षात आलेला असतो अडॅप्टरवर.

याच कॅपॅसिटरमुळे दुसरीही गोष्ट घडते. आपल्याकडील विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे, म्हणजे तिची प्रत्येक अर्धी लाट १० मिलिसेकंदांची असते. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना एखाद-दुसऱ्या लाटेपुरते व्होल्टेज कोसळले, तर चांगल्या अडॅप्टरमधील साठा तेवढी फट भरून काढतो. कॅपॅसिटर आटलेला असेल तर हा साठा पुरत नाही. म्हणूनच पूर्वी फ्रिज सुरू झाल्यावर काही होत नव्हते आणि आता राउटर जातो, असा अनुभव येतो. बदललेला फ्रिज नसतो, अडॅप्टर असतो.

अडॅप्टर हातात घेऊन पुढील गोष्टी पाहाव्यात. तो कोमट लागणे स्वाभाविक आहे, हात ठेववत नाही इतका तापणे स्वाभाविक नाही. कानाजवळ धरल्यावर सतत टिकटिक किंवा बारीक शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर तो बदलण्याच्या लायकीचा आहे. पिनजवळ किंवा डब्याजवळ वायर मोडल्यासारखी झाली असेल, तर आतील तारा तुटत आल्या आहेत. घरात मल्टिमीटर असेल तर तो डीसी २० व्होल्टवर ठेवून एक टोक गोल पिनच्या आत आणि दुसरे बाहेरच्या धातूला लावावे. दोन्ही टोके एकमेकांना टेकू देऊ नयेत. १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर ११ किंवा त्याहून कमी आकडा आला, किंवा आकडा सारखा खालीवर झाला, तर निकाल लागला. परंतु बरोबर १२ आल्याने अडॅप्टर निर्दोष ठरत नाही, कारण हे मोजमाप भार नसताना झालेले असते. खात्री करण्याचा मार्ग एकच : त्याच क्षमतेचा दुसरा अडॅप्टर लावून दोन दिवस पाहणे.

‘त्याच क्षमतेचा’ म्हणजे काय, हे नीट समजून घ्यावे. राउटरच्या स्टिकरवर आणि जुन्या अडॅप्टरवर ‘आउटपुट’ या शब्दापुढे दोन आकडे असतात, उदाहरणार्थ १२ व्होल्ट आणि १ अँपिअर. नव्या अडॅप्टरचे व्होल्ट तंतोतंत तेच असले पाहिजेत. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात. १ अँपिअरच्या जागी दीड किंवा २ अँपिअरचा अडॅप्टर लावल्याने राउटरला धोका नाही, कारण राउटर आपल्याला हवा तेवढाच प्रवाह ओढतो. अँपिअर कमी असल्यास मात्र पुन्हा रीस्टार्टचा खेळ सुरू होतो. १२ व्होल्टच्या राउटरला ९ व्होल्टचा अडॅप्टर लावला तर तो एखादेवेळी सुरूही होतो आणि सतत कोलमडतो. ५ किंवा ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्ट दिले तर तो जळण्याची शक्यता असते. सेट-टॉप बॉक्सचा, सीसीटीव्हीचा आणि राउटरचा अडॅप्टर दिसायला सारखे असतात आणि पिनही एकमेकांत बसते, त्यामुळे दिवाळीच्या साफसफाईनंतर सुरू झालेल्या तक्रारीत अडॅप्टरांची अदलाबदल झाली आहे का, हे अवश्य पाहावे. अडॅप्टरवर एक लहान गोलाचे चित्रही असते. मधल्या ठिपक्याला अधिक चिन्ह जोडलेले असेल तर पिनच्या आतील भाग धन आहे. हे चित्रही जुन्या अडॅप्टरशी जुळले पाहिजे.

नवा अडॅप्टर घेताना त्यावर बीआयएसचे, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचे, नोंदणी चिन्ह आणि ‘आर’ या इंग्रजी अक्षराने सुरू होणारा क्रमांक पाहून घ्यावा. दुकानात काउंटरवर मिळणाऱ्या बिननावाच्या स्वस्त अडॅप्टरवर २ अँपिअर छापलेले असले तरी तो तेवढे देईलच असे नाही. शक्य असल्यास जुना राउटर सोबत न्यावा आणि पिन तेथेच लावून पाहावी. जुना अडॅप्टर उघडून दुरुस्त करण्याच्या फंदात नवख्याने पडू नये : त्यातील मुख्य कॅपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो, आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ टिकून राहू शकतो.

पाचवी पायरी : घरातील वीज, इन्व्हर्टर आणि मिनी यूपीएस

अडॅप्टर नवा लावूनही रीस्टार्ट थांबले नाहीत, तर संशय घराच्या विजेकडे वळतो. अडॅप्टरवर ‘इनपुट १०० ते २४० व्होल्ट’ असे लिहिलेले असते, त्यामुळे व्होल्टेज नुसते कमी असल्याने, समजा १७० असल्याने, राउटर बंद पडायला नको. त्याला मारक ठरते ती क्षणभराची पूर्ण तूट. उसाच्या पट्ट्यात एकाच डीपीवरून (म्हणजे वस्तीला वीज पुरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरून) घरे आणि मोटरपंप चालत असतील तेथे पंप सुरू होताना दिवे एकदम मंद होतात. वळवाच्या पावसात फांदी तारेला घासते तेव्हा लाइट पापणी लवते न लवते तोच जाऊन येते. अशी झटक्याची तूट नवा अडॅप्टरही भरून काढू शकत नाही.

घरात इन्व्हर्टर असेल तर हा संशय तपासण्याची एक चांगली युक्ती आहे. राउटर इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे याची खात्री करून, ज्या वेळी राउटर हमखास जातो त्या वेळी, घराचा मुख्य स्विच तासभर बंद ठेवावा. त्या तासात राउटर एकदाही रीस्टार्ट झाला नाही आणि मुख्य स्विच लावल्यावर पुन्हा होऊ लागला, तर दोष बाहेरून येणाऱ्या विजेत किंवा घरातील वायरिंगमध्ये आहे. इन्व्हर्टर नसेल तर राउटर आणि अडॅप्टर दुसऱ्या डीपीवरील नातेवाइकांच्या घरी एक रात्र नुसता चालू ठेवून सकाळी अपटाइम पाहता येतो. इंटरनेटची वायर नसली तरी वाय-फाय चालू राहते आणि राउटरचे पान उघडते. फायबर थेट राउटरमध्ये येत असेल तर ती काढताना कनेक्टरला टोपी लावावी, तारेला तीव्र बाक देऊ नये आणि तिच्या टोकात डोळा लावून पाहू नये, कारण तिच्यातील लेसर प्रकाश डोळ्यांना दिसत नसला तरी असतो.

लाइट गेली किंवा आली की त्या क्षणीच राउटर जातो, बाकी वेळी नाही, असे असेल तर इन्व्हर्टरच्या मागील बाजूचा मोडचा स्विच पाहावा. बऱ्याच इन्व्हर्टरना ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’ असे दोन मोड असतात. यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर इतक्या चटकन बॅटरीवर जातो, की राउटर आणि कॉम्प्युटर बंद पडत नाहीत. इको मोडमध्ये ही फट मोठी असते. पण यूपीएस मोडला एक बाजू आहे, आणि ती विक्रेते क्वचितच सांगतात. या मोडमध्ये व्होल्टेज जरा खाली गेले तरी इन्व्हर्टर बॅटरीवर उडी मारतो. ज्या गावात संध्याकाळी व्होल्टेज तासन्‌तास कमी असते, तेथे यूपीएस मोडमुळे लाइट असतानाही बॅटरी उतरत राहते. अशा ठिकाणी इन्व्हर्टर इको मोडवर ठेवून फक्त राउटरसाठी वेगळा मिनी यूपीएस घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. रिलेवर चालणाऱ्या स्टॅबिलायझरचा मात्र येथे उपयोग नाही. प्रत्येक वेळी त्याचा रिले टक्‌ करून बदलताना स्वतःच एक बारीक फट पाडतो.

मिनी यूपीएस म्हणजे लिथियम सेल असलेली, राउटरच्या अडॅप्टर आणि राउटर यांच्या मध्ये बसणारी लहान डबी. तिचे आउटपुट व्होल्ट राउटरशी जुळले पाहिजेत. डबीवर ५, ९ आणि १२ व्होल्टची वेगवेगळी भोके असतील तर योग्य भोक निवडावे. तिच्यामुळे नवीच तक्रार सुरू होण्याचा एक प्रकार ध्यानात ठेवण्यासारखा आहे. लाइट दोन तास जाऊन परत आली, की जुन्या १ अँपिअरच्या अडॅप्टरला राउटरही चालवावा लागतो आणि उतरलेले सेलही चार्ज करावे लागतात. हे दुहेरी ओझे त्याला पेलत नाही आणि लाइट आल्यानंतरचा पहिला अर्धा-एक तास राउटर सारखा बंद-चालू होतो. मिनी यूपीएससोबत म्हणून तिच्या इनपुटवर लिहिलेल्या क्षमतेचा, बहुधा २ अँपिअरचा, अडॅप्टर हवा. डबी जुनी होऊन लाइट जाताक्षणी राउटर विझू लागला, तर सेल संपले आहेत. डबी फुगलेली दिसल्यास ती लगेच काढून घराबाहेर सुरक्षित जागी ठेवावी, आणि कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. राउटर जाण्याच्या वेळी घरातील दिवे एकाएकी नेहमीपेक्षा प्रखर होत असतील, पंख्याचा वेग आपोआप वाढत असेल, किंवा काही दिवे मंद आणि काही झगझगीत दिसत असतील, तर न्यूट्रलचा जोड सैल झाल्याची दाट शक्यता असते. अशा वेळी सॉकेटमध्ये २३० ऐवजी तीनशेच्या वर व्होल्ट येऊ शकतात आणि राउटरच काय, टीव्ही आणि फ्रिजही जळू शकतो. मुख्य स्विच बंद करून वायरमनला बोलवावे. मीटरच्या अलीकडे दोष न सापडल्यास महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. खांबावरील किंवा मीटरमधील जोडाला स्वतः हात लावू नये.

सहावी पायरी : उष्णता, धूळ आणि मुंग्या

घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात वापराचे तापमान सामान्यतः ० ते ४० अंश सेल्सिअस दिलेले असते. फलटण, दहिवडीकडे एप्रिल-मे महिन्यांत बाहेरचाच पारा चाळिशीला टेकतो, आणि पत्र्याखालच्या खोलीत किंवा पोटमाळ्यावर तो त्याच्याही पुढे असतो. तेथे कपाटाच्या वर, टीव्हीच्या मागे किंवा कोनाड्यात देवघराशेजारी ठेवलेला राउटर दुपारी तापून बंद पडला तर नवल नाही. तो खाली, मोकळ्या हवेत, भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावा. त्यावर विणलेला रुमाल घालू नये. राउटरकडे लहान पंखा वळवून एक दुपार पाहावी. त्याने रीस्टार्ट थांबले तर कारण सापडले.

धूळ मऊ ब्रशने, राउटर बंद करून, झरोक्यांवरून झटकावी. पावसाळ्यात ऊब शोधत मुंग्या राउटरमध्ये आणि बोर्डामध्ये शिरतात. झरोक्यातून माती किंवा अंडी दिसली तर राउटर उघडून साफ करून घ्यावा. कीटकनाशकाचा फवारा थेट राउटरवर मारू नये.

सातवी पायरी : जोडलेल्या वायरी

विजा चमकून गेल्यानंतर त्रास सुरू झाला असेल तर ही पायरी आधी घ्यावी. पाटण, जावळी, महाबळेश्वर भागात, आणि वळवाच्या दिवसांत सर्वत्रच, गच्चीवरून किंवा खांबावरून आलेल्या तांब्याच्या लॅन केबलमधून विजेचा लोट राउटरच्या पोर्टमध्ये शिरतो. पोर्ट अर्धवट जळला की राउटर चालतो, पण स्थिर राहत नाही. राउटरमधील सर्व लॅन केबल, यूएसबीला लावलेला पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क काढून फक्त वीज जोडलेली ठेवावी आणि अपटाइम पाहावा. स्थिर राहिला तर एकेक वायर परत लावत जावे. जिच्यानंतर राउटर पुन्हा कोलमडेल तिच्यात, तिच्या पोर्टमध्ये किंवा तिच्या दुसऱ्या टोकाच्या यंत्रात दोष आहे. काचेच्या फायबरमधून असा लोट येत नाही, पण काही फायबर केबलना आधारासाठी पोलादी तार असते, आणि अडॅप्टरची वाट तर सर्वांनाच असते. म्हणून गडगडाट सुरू झाला की अडॅप्टर सॉकेटमधून काढून ठेवणे बरे. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही.

आठवी पायरी : सेटिंग, फर्मवेअर आणि रीसेट

वरील सगळे करून झाल्यावरच राउटरच्या आतील गोष्टींकडे यावे. ‘ऑटो रीबूट’ किंवा ‘रीबूट शेड्यूल’ नावाची सोय बऱ्याच राउटरमध्ये असते. ती चालू असेल तर बंद करावी. पहाटे होणारा एखादाच रीस्टार्ट इंटरनेट कंपनीने दूरवरून पाठवलेल्या अद्ययावतीकरणाचाही असू शकतो आणि त्याची काळजी नको.

स्वतः विकत घेतलेल्या राउटरचे फर्मवेअर, म्हणजे तो चालवणारे आतील सॉफ्टवेअर, जुने असेल तर ते उत्पादक कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्यावे. मॉडेलबरोबर स्टिकरवरील हार्डवेअर व्हर्जनही जुळले पाहिजे, कारण एकाच मॉडेलच्या पहिल्या आणि दुसऱ्या आवृत्तीत आतील चिप वेगळी असू शकते आणि चुकीचे फर्मवेअर राउटर कायमचा निकामी करू शकते. फर्मवेअर भरले जात असताना वीज गेली तरी तोच परिणाम होतो. विजेचा लपंडाव चालू असताना हे काम हाती घेऊ नये.

फॅक्टरी रीसेट हा शेवटचा उपाय. मागील बारीक भोकात टाचणी घालून साधारण दहा सेकंद दाबल्यावर सर्व सेटिंग पुसली जातात. त्यापूर्वी वाय-फायचे नाव आणि पासवर्ड, तसेच ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ पानावरील ‘पीपीपीओई’चे (म्हणजे इंटरनेट कंपनीच्या जोडणीत लॉगिन होण्याचे) युजरनेम यांचा फोनवर फोटो काढून ठेवावा. त्याचा पासवर्ड पानावर ठिपक्यांनी झाकलेला असतो, तो केबलवाल्याकडून आधीच मागून घ्यावा. फायबरचा डबा कंपनीने दिलेला असेल तर कंपनीला विचारल्याशिवाय तो रीसेट करू नये. त्यात कंपनीने भरलेली माहिती गेली तर त्यांचा माणूस येईपर्यंत घर इंटरनेटविना राहते, आणि शनिवारी संध्याकाळी हे घडले तर सोमवारपर्यंत वाट पाहण्याची तयारी ठेवावी लागते.

तक्रार नोंदवताना

एवढे होऊनही राउटर रीस्टार्ट होत असेल, तर त्याच्या आतील सर्किट बोर्ड बिघडला आहे असे समजावे. राउटर कंपनीचा असेल तर तो बदलून देण्याची मागणी करावी. स्वतःचा असेल तर आधी वॉरंटी पाहावी. फोनवर ‘नेट चालत नाही’ असे मोघम सांगितल्यास समोरचा माणूस लाइन तपासून तक्रार बंद करतो. त्याऐवजी असे सांगावे : ‘राउटरचे सर्व दिवे एकदम विझतात आणि तो नव्याने सुरू होतो, एलओएसचा दिवा लाल होत नाही, त्याच क्षमतेचा दुसरा अडॅप्टर लावून पाहिला, दुसऱ्या घरातील सॉकेटवरही तसेच होते, अपटाइमच्या पानाचे फोटो माझ्याकडे आहेत.’ तक्रारीचा डॉकेट क्रमांक मागून तारखेसह लिहून ठेवावा. दिलेल्या मुदतीत काम झाले नाही, किंवा न सुटता तक्रार बंद झाली, तर त्याच क्रमांकाच्या आधारे कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे विनाशुल्क दाद मागता येते. त्याचा पत्ता आणि ई-मेल कंपनीच्या संकेतस्थळावर दिलेला असतो. तंत्रज्ञ नवा राउटर घेऊन आला, तर त्याच्यासोबतचा नवा अडॅप्टरही लावून घ्यावा. घाईत जुनाच अडॅप्टर सॉकेटमध्ये राहू देऊन फक्त डबा बदलण्याची त्यांची पद्धत असते.